मेहताबचं तिसरं शिंगरू

आपल्या हातांना घोड्याचा वास येतो हे नाजिशला कॉलेजात गेल्यावर कळलं. शेजारची मुलगी नाक मुरडून सरकून बसली. नाजिशने हात हुंगून पाहिले. तिला त्यात काही वेगळं वाटलं नाही. घरी अब्बांच्या सदऱ्याला तोच वास होता, अम्मीच्या ओढणीला तोच, गोधडीलाही तोच.

मलकापुरात नळगंगेच्या काठाला तिच्या अब्बांचं, बशीर घोडेवाल्याचं घर. दोन खोल्या माणसांच्या, एक घोड्याची. घोड्याची खोली सगळ्यांत मोठी. तिथे मेहताब राहायची. पांढरीशुभ्र, गुलाबी नाकाची नुकरी घोडी. आसपासच्या गावांत लग्न ठरलं की लोक आधी मेहताबची तारीख विचारायचे आणि मग मुहूर्त काढायचे. बशीर हे सांगायचा तेव्हा त्याची बायको इमामबी पदराआड हसायची. पण त्यात निम्मं तरी खरं होतं.

वरातींचं गणित कापसावर चालतं. बीटीचं बियाणं आलं तेव्हा सुरुवातीला शेतं पांढरी झाली. लग्नांना ऊत आला. पुढे लाल्या रोग आला, पाऊस चुकला, कापसाची पऱ्हाटी उभ्या उभ्या लाल होऊन वाळली. लोक बशीरला रस्त्यात थांबवून सांगायचे, "औंदा घोडी राहू दे बशीरभाई, नवरदेव मोटरसायकलवर येऊन राह्यला." बशीर मान हलवायचा. एखादं वर्ष निभावून नेता येतं. त्याला चिंता वेगळीच होती. मेहताब चौदा वर्षांची झाली होती. तिच्यामागे कोण?

म्हणून तिला शिंगरू हवं होतं.

पहिलं झालं दोन हजार दहाच्या मार्चमध्ये. सहाव्या दिवशी छट्टी केली. घोडेवाल्यांचा हा जुना रिवाज. गावोगावचे घोडेवाले यायचे, गुळाच्या पाण्यात बोट बुडवून शिंगराला चाटवायचे. आणि यायचं ते आपल्या तबेल्यातून, तसंच. अंघोळ करून, अत्तर लावून आलेल्या माणसाला शिंगरू बुजतं, म्हणायचे. घोडेवाल्याने घोड्याच्याच वासाने यावं. साखरखेर्ड्याचे मन्सूरचाचा सगळ्यांत वडीलधारे. ते तर आपल्या घोड्याच्या पाठीवर हात फिरवूनच एस्टीत बसायचे. पहिलं बोट त्यांचं.

आठव्या दिवशी शिंगराला हगवण लागली.

कोणी घाबरलं नाही. व्यायल्यावर आठ-नऊ दिवसांनी घोडी माजावर येते, तेव्हा शिंगराला ढाळ होतेच. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट. दुधाने होतं असं समजून बशीरने शिंगराला मुसकी बांधली. दूध बंद, पाणीही बंद. अकराव्या दिवशी शिंगरू उठलंच नाही.

नाजिश तेव्हा बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. मायक्रोबायोलॉजी. घोडेवाल्याच्या पोरीने जंतू कशाला शिकायचे, असं मोहल्ल्यात लोक विचारायचे. त्या दिवशी तिने शिंगराची मुसकी सोडली. ओठ कोरडे, डोळे खोल गेलेले. आणि तिला पुस्तकातलं एक पान आठवलं. हे तहानेने मेलं होतं.

पुढे ती एम. एस्सी.ला अकोल्याला गेली. पहाटेची पॅसेंजर, संध्याकाळची पॅसेंजर. तिच्या मार्गदर्शक समता खंडारे. कमी बोलणाऱ्या, डोळ्यांनी काम तपासणाऱ्या बाई. प्रबंधासाठी विषय निवडायची वेळ आली. कोणी दुधातले जीवाणू घेतले, कोणी विहिरीचं पाणी. नाजिश म्हणाली, "शिंगरांची हगवण."

वर्ग हसला. खंडारे मॅडम हसल्या नाहीत.

"नमुने कुठून आणशील?"

"घरून."

ते खरं ठरावं असं तिला वाटत नव्हतं. पण दोन हजार अकराच्या फेब्रुवारीत दुसरं शिंगरू झालं, छट्टी झाली, आणि आठव्या दिवशी अब्बांचा फोन आला. नाजिशने आधी मुसकी सोडायला लावली आणि मग मॅडमना सांगितलं. मॅडम म्हणाल्या, उद्या मी स्वतः येते. नाजिश त्या रात्री अकोल्यातच थांबली.

इमामबीला हे कळलं आणि ती सकाळीच कामाला लागली. एवढी शिकलेली बाई घरी येणार. तबेला असा कसा दाखवायचा? तिने गवत काढून जाळलं. फरशी खरवडली. दोन बादल्या फिनाईल ओतलं. भिंती पुसल्या. शिंगरू पहाटेच गेलं होतं. तिने त्यालाही ओल्या फडक्याने पुसून चादरीखाली ठेवलं.

मॅडम आल्या. दारात उभं राहून त्यांनी श्वास घेतला.

"लीद कुठे आहे?"

"सगळी साफ केली मॅडम," इमामबी अभिमानाने म्हणाली. "एक डाग ठेवला नाही."

नाजिशने कपाळावर हात मारला. "अम्मी, आमाले लीदच पाह्यजे होती!"

"तू काऊन नाही सांगतलं? पाव्हन्याले कोनी लीद दाखवते का?"

मॅडम खाली बसल्या. चादर बाजूला केली. शिंगराच्या शेपटीच्या मुळाशी, केसांच्या आत, फडकं पोचलं नव्हतं. तिथे थोडंसं पिवळं वाळलेलं होतं. त्यांनी ते चमच्याने बाटलीत घेतलं. मासळीवाल्याकडून बर्फ आणला. बाटली डब्यात, डबा नाजिशच्या मांडीवर. पॅसेंजरमध्ये समोरच्या म्हातारीने विचारलं, "जेवाले काय आनलं वं पोरी?"

"काही नाही आजी. कॉलेजचं हाय."

"वास तं मस्त येऊन राह्यला," म्हातारी म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून बसली.

इकडे बशीरने आपला गुन्हेगार शोधला होता. तबेल्याला लागून शेषरावचं वावर. वेचणी झाल्यावर मेहताब तिथे चरायची. वर्षानुवर्षांची रीत. त्या दिवसांत गावोगाव बोललं जात होतं की बीटीचा पाला खाऊन शेळ्या मरतात. खरं काय, खोटं काय, कोणी पाहिलं नव्हतं. पण मेलेलं शिंगरू घरात असलं की माणसाला ऐकलेलं पुरतं.

बशीर कुंपणाशी गेला. "शेषराव, तुह्या पऱ्हाटीनं माह्यं शिंगरू मारलं."

"काय बोलून राह्यला बे?"

"घोडीनं पाला खाल्ला. ते दुधात उतरलं."

"वा रे वा!" शेषरावने विळा खाली टाकला. "ते बीटी मले खाऊन राह्यली, ते नाही दिसत तुले? उभं वावर लाल झालं माह्यं. आता तुह्या शिंगराचा खून बी माह्याच डोक्श्यावर?"

दुसऱ्या दिवशी कुंपणाच्या फटीत बाभळीचे काटे आले. मेहताबचा रस्ता बंद झाला.

बशीर घरात म्हणाला, "तिसरं गेलं तं मेहताबले विकतो. मग कापसाच्या जिनिंगवर चौकीदारी करीन." जळगावच्या एका बेपाऱ्याने बोलणी लावून ठेवली होती. त्याला वयाचं काही नव्हतं, पांढरा रंग पाहिजे होता. बशीर हे बोलला तेव्हा कोणाकडे पाहत नव्हता. नाजिशला कळलं की तो गंमत करत नाहीये.

अकोल्यात नमुन्यातून विषाणूचं जनुकद्रव्य काढलं, पातळ जेलीच्या पट्टीवर सोडलं, वीज दिली. दोनदा भारनियमनात काम बुडालं. तिसऱ्यांदा पट्टी चांदीच्या द्रावणात टाकली आणि नाजिश टेबलाशी वाकून उभी राहिली. आधी काहीच नाही. मग चहाच्या रंगाच्या बारीक रेषा उमटल्या. वर चार. मग दोन. मग तीन, एकमेकींना चिकटून. तळाशी दोन.

"मोज," मॅडम म्हणाल्या.

"अकरा."

"रोटाव्हायरस. लहान लेकरांना हगवण लावतो तोच गट." मॅडमनी चष्मा पुसला. "कापसाच्या पाल्यात हा नसतो."

नाजिशने रेषा पुन्हा मोजल्या. दोन शिंगरं मारणारा समोर होता आणि त्याला तिने मोजलं होतं.

पण मॅडम थांबल्या नाहीत. "हा कोणाचा आहे? माणसाचा? वासराचा? घोड्याचा? वाण कळल्याशिवाय तो आला कुठून हे कळणार नाही. आणि कुठून आला हे कळलं नाही तर तिसरंही जाईल."

नमुन्याचा उरलेला भाग हरियाणात घोड्यांच्या रोगांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेकडे गेला. उत्तराला वेळ होता. नाजिशला धीर नव्हता. तिने स्वतःच अंदाज बांधला. शेषरावची गाय नुकतीच व्याली होती, वासरू आणि मेहताब कुंपणातल्या एकाच हौदावर पाणी प्यायचे. म्हणजे वासराचाच वाण. ती घरी बोलून गेली. बशीरला एवढंच हवं होतं. त्याने हौदाच्या मधोमध पत्रा ठोकला. ठोकताना मुद्दाम मोठ्याने ठोकला.

जुलैत उत्तर आलं. मॅडमच्या संगणकावर दोन ओळी, वाणाचे क्रमांक. वासराचा असता तर बहुतेक जी-सहा किंवा जी-दहा निघाला असता. हा होता जी-तीन, पी-बारा.

"घोड्याचा," मॅडम म्हणाल्या. "अस्सल घोड्याचा. वासरू निर्दोष आहे."

"पण आमच्याकडे मेहताबशिवाय घोडाच नाही."

"मग दुसरे घोडे तुमच्याकडे येतात."

"येत नाहीत मॅडम. घोडेवाले येतात, फक्त..."

आणि नाजिश बोलायची थांबली.

तिने आपल्या बोटाकडे पाहिलं. दोन्ही छट्ट्यांना तिनेही गूळ चाटवला होता. सहावा दिवस. मग दोन दिवस. मग आठवा. त्याच दिवसांत घोडी माजावर येते, म्हणून कोणाला शंकाच आली नाही. पंधरा तबेल्यांतून आलेली पंधरा न धुतलेली बोटं. प्रेमाने तोंडात घातलेली.

तिने संध्याकाळी अब्बांना सांगितलं. बशीर मेहताबला खरारा करत होता. हात थांबला.

"म्हंजे आमीच मारले?"

नाजिशने आपलंही बोट पुढे केलं.

बशीर दोन दिवस खरारा घेऊन मेहताबपाशीच राहिला. तिसऱ्या दिवशी डोक्याला रुमाल बांधून कुंपणाशी गेला. नाजिश मागे. शेषराव डवरणी करत होता. बैल थांबवून उभा राहिला.

"शेषराव, तुह्या पऱ्हाटीचा दोष नव्हता."

"बरं."

"वासराचा बी नव्हता."

"पयले पऱ्हाटी, मंग वासरू. मले वाटलं आता माह्या बुढीचं नाव घेतं का काय."

"चुकलं माह्यं."

शेषरावने डवऱ्याची मूठ सोडली. "हे कागदावर लिहून दे."

"कायले?"

"औंदा माह्या पऱ्हाटीबद्दल कोनीतरी चांगलं बोललं. फ्रेम करून लावतो."

दोघं हसले. बशीरचे डोळे भरले होते, ते त्याने रुमालाने पुसले. काटे त्याच दिवशी निघाले. पत्राही.

पण खरी लढाई पुढे होती. परदेशात गाभण घोडीला या रोगाची लस देतात. इथे ती मिळत नव्हती. मॅडमनी दोनच गोष्टी सांगितल्या. तबेला साफ ठेवा, आणि दुसऱ्या तबेल्याचा हात शिंगराला लागू देऊ नका. "तुझ्या अम्मीने नमुना घालवला," त्या म्हणाल्या, "पण औषध बरोबर वापरलं. आता ते आधी वापर म्हणावं." इमामबीने हे वाक्य मोहल्ल्यात घरोघरी सांगितलं. हा विषाणू महिनोन्महिने टिकतो म्हणून बशीरने जमीन वीतभर खोदून काढली, नवी माती घातली, भिंतींना चुना दिला.

दोन हजार बाराच्या फेब्रुवारीत मेहताब व्याली. शिंगरी. जन्मताच पांढरी, नाकही गुलाबी. अस्सल नुकरी, हे घोडेवाला पाहताक्षणी सांगतो.

सहाव्या दिवशी लोक आले. बोलावणं नव्हतं, पण छट्टीला बोलावणं लागत नाही. बारा-तेरा जण. पुढे मन्सूरचाचा, काठी टेकत, हाताला गुळाची पुरचुंडी. सदऱ्यावर घोड्याचे केस. दाराला बाहेरून कडी होती. कडीसमोर बशीर उभा.

"सलाम चाचा. चाय घ्या. शिंगरी चाळीस दिवसांनंतर दाखवीन."

"काऊन? पर्द्यात बसवली का?" मागून कोणीतरी म्हणालं. हशा पिकला.

बशीर हसला नाही. "हाताहातानं बिमारी येते चाचा. माह्या पोरीनं शोधलं."

हशा थांबला. मन्सूरचाचांनी नाजिशकडे पाहिलं. "चाळीस वर्सं झाली. पन्नास शिंगरं ह्या बोटानं चाटवले. अन् हे कालची पोट्टी माह्या बोटात बिमारी हाय म्हंते?"

बशीरचा चेहरा उतरला. बिरादरीसमोर बापाच्या वयाच्या माणसाला दारात अडवायचं म्हणजे काय, हे त्याच्या खांद्यांवर दिसत होतं. त्याचा हात कडीकडे गेला. कडी निघाली असती.

नाजिश पुढे झाली. आवाज चढवला नाही.

"चाचा, तुमच्या तबेल्यातले शिंगरं कसे हायेत?"

"अल्लाची मर्जी. दोन झाले. दोनी गेले."

"कायनं?"

"ढाळ लागली. घोडी माजावर आली, अन्..."

"कोन्या दिवशी लागली चाचा?"

म्हातारा सांगायला गेला आणि थांबला. ओठ हलत राहिले. बोटांवर मोजत होता. छट्टी, मग एक, मग दोन. दुसऱ्या शिंगराचं मोजलं. पुन्हा तेच आलं. मागे उभे असलेले दोघेतिघेही आपापलं मोजू लागले. आत शिंगरी दूध पीत होती, तेवढाच चुटूचुटू आवाज.

"दोनीचं एकच," मन्सूरचाचा हळू म्हणाले. "आठवा दिवस."

त्यांनी गुळाची पुरचुंडी बांधली आणि खिशात टाकली. मग इमामबीकडे वळले. "बहू, साबन दे. हात धुतो. चाय तं पिऊ."

एकामागून एक सगळे नळाशी गेले.

नवव्या दिवशी सकाळी शिंगरीला हगवण लागली.

नाजिश तेव्हा दात घासत होती. इमामबीने हाक मारली, त्या हाकेतच सगळं होतं. बशीर खाली बसला. "गेलं," एवढंच म्हणाला. हात मुसकीसाठी खुंटीकडे गेला.

"नाही अब्बा." नाजिशने मुसकी काढून घेतली. "दूध चालू राह्यलं पाह्यजे. अम्मी, मीठ-साखरेचं पानी कर. डॉक्टरले फोन लाव. बसू नका कोनी."

तिने ताजी लीद बाटलीत घेतली. बर्फ, डबा, पॅसेंजर. त्यातच जळगावच्या बेपाऱ्याचा निरोप आला होता. चार दिवसांनी टेम्पो घेऊन येतो, बातमी कळली. वाईट बातमीला तिकीट लागत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पट्टी द्रावणात पडली. एका बाजूला जुना नमुना, तुलनेसाठी. दुसऱ्या बाजूला शिंगरीचा. मॅडम शेजारी उभ्या होत्या. जुन्याच्या रेषा उमटू लागल्या. चार. दोन. तीन. दोन. नाजिशने शेजारी पाहिलं.

कोरं.

"थांब," मॅडम म्हणाल्या. "अजून दोन मिनिटं."

दोन मिनिटं झाली. कोरंच. मॅडमनी पट्टी उजेडासमोर धरली, उलटी केली, पुन्हा धरली. आणि त्या मोकळ्या हसल्या. नाजिशने त्यांना असं हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

"विषाणू नाही. ही ती साधी ढाळ. घोडी खरंच माजावर आली असेल!"

नाजिश व्हरांड्यात धावली. नंबर दोनदा चुकला. तिसऱ्यांदा लागला.

"अब्बा, ते नाही! ते नाही अब्बा! शिंगरी कशी हाय?"

पलीकडून आधी भांडं पडल्याचा आवाज आला. मग बशीरचा. "अगं, थे दूध पिऊन उड्या मारून राह्यली. तुह्या अम्मीची बादली लाथेनं पाडली आत्ताच. कवाचा तुले फोन करून राह्यलो, तूच उचलत नाही!"

मागे इमामबी ओरडत होती. शिंगरीवर की बशीरवर, कळत नव्हतं. नाजिश व्हरांड्याच्या पायरीवर बसली आणि मोठ्याने रडली. येणारे-जाणारे थांबून पाहत होते. तिला पर्वा नव्हती.

बेपारी ठरल्या दिवशी टेम्पो घेऊन आला. तोवर शिंगरीची शेपूट कोरडी झाली होती. मन्सूरचाचांचा पहाटेच फोन येऊन गेला होता. साखरखेर्ड्याला एक घोडी व्यायली होती, पोरीला विचारा आधी काय करायचं. बशीरने तबेल्याबाहेर बाज टाकली आणि तीवर ऐटीत बसला.

"निघाचं का?" बेपाऱ्याने विचारलं. "दोर आनला मी."

"घोडी विकाची नाही."

"बरं. बच्चा तरी?"

"बच्चा?" बशीरने वळून नाजिशकडे पाहिलं. तो आवाज मोहल्ल्याच्या टोकापर्यंत गेला असेल. "बच्चा माह्या पोरीचा हाय. तिले विचार."

बेपाऱ्याने नाजिशकडे पाहिलं. तिने मान हलवली. नाही.

"एवढे लांबून आले," बशीर म्हणाला. "चाय पिऊन जा. फक्त दाराले हात लावू नका."

टेम्पो रिकामा मागे वळला. गल्ली अरुंद होती, त्याला तीनदा मागे-पुढे करावं लागलं. शेषराव कुंपणावर कोपर टेकून पाहत होता. "डावीकडं घे, डावीकडं!" तो ओरडून ओरडून रस्ता दाखवत होता, आणि त्याला इतकं हसू येत होतं की सांगताना उजवा हात दाखवत होता.